‘भाडेकरू सहभागीदारी’ : आपल्या सोसायटीच्या जन्माची गोष्ट

#थ्रेड #इतिहास

१/
आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र कधी नीट वाचले आहे का? मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील असंख्य सोसायट्यांच्या प्रमाणपत्रावर एक चमत्कारिक ओळ आढळते. वर्गीकरण : गृहनिर्माण संस्था. उपवर्गीकरण : भाडेकरू सहभागीदारी. आयुष्याची पुंजी घालून आणि वीस-वीस वर्षे हप्ते फेडून घर घेतलेल्या माणसाला सरकारी कागद ‘भाडेकरू’ का म्हणतो?

२/
या एका शब्दात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास दडला आहे. प्लेग, चाळी, इंग्लंडमधील सहकारी चळवळ, फाळणी आणि नव्याने जन्मलेले महाराष्ट्र राज्य, अशा बऱ्याच गोष्टी त्यात येतात. पार्किंगची भांडणे आणि सेक्रेटरीच्या सूचनाफलकावरून आपण ज्या संस्थेची टिंगल करतो, ती मुळात कोणत्या गरजेतून उभी राहिली, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/
सुरुवात १८९६ पासून करावी लागेल. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून लाखो लोक गावी पळाले. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले ते तेव्हा. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि नव्या जमिनी वस्तीयोग्य करणे हे त्याचे काम होते.

४/
ट्रस्टने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रस्ते काढले. मात्र घरे पाडण्याचा वेग आणि घरे बांधण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागले आणि भाडी चढली. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुसंख्य मुंबईकर एका खोलीत संसार करत होते. सामाईक नळ, सामाईक संडास आणि महिन्याच्या महिन्याला भाडेवसुलीला येणारा मालकाचा माणूस हे त्यांचे रोजचे जग होते.

५/
चाळीबद्दल मराठी माणसाला अपार जिव्हाळा आहे. ‘बटाट्याची चाळ’ने त्या जिव्हाळ्याला कायमचे घर मिळवून दिले. हा जिव्हाळा खरा आहे. सामाईक गॅलरीने दिलेले शेजारपणही खरे आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारावाच लागतो. चाळीत निर्णय कोण घेत असे? छप्पर केव्हा दुरुस्त करायचे, भाडे किती वाढवायचे, कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, हे सारे मालकाच्या मर्जीवर होते. भाडेकरूंचा एकोपा मोठा असला, तरी भिंतींवर त्यांचा अधिकार नव्हता.

६/
याच काळात उत्तर कानडा आणि दक्षिण कानडा जिल्ह्यांतून चित्रापूर सारस्वत समाजातील तरुण कारकुनीसाठी मुंबईत येत होते. उत्तर कानडा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मुंबईची वाट ओळखीची होती. इंग्रजी शिक्षण होते, नोकरी होती, पण पगार बेताचा. मुंबईत जमीन घेऊन स्वतंत्र घर बांधणे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. यांच्यातलेच एक म्हणजे श्रीपाद सुब्राव तल्माकी, पुढे रावबहादूर तल्माकी.

७/
तल्माकींनी आधी कर्जाचा प्रश्न हाती घेतला. १९०४ च्या कायद्याने भारतात सहकारी पतसंस्था काढण्याची मुभा मिळाली होती. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी समाजातील आदरणीय ज्येष्ठ शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने पतसंस्था सुरू केली. आज आपण जिला शामराव विठ्ठल किंवा ‘एसव्हीसी’ बँक म्हणतो, तिचे मूळ हे. थोडी थोडी बचत एकत्र केली की एकट्याला न मिळणारे कर्ज मिळू शकते, हा अनुभव येथे आला.

८/
पण १९०४ चा कायदा पतपुरवठ्यापुरताच होता. १९१२ मध्ये नवा सहकारी संस्था कायदा आला आणि कर्जाखेरीज इतर कारणांसाठीही सहकारी संस्था नोंदवता येऊ लागल्या. मुंबईत १९१३ मध्ये सहकारी गृहनिर्माणाचा प्रसार करण्यासाठी ‘बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन’ स्थापन झाली. आता प्रश्न उरला तो नमुन्याचा. अनेकांनी मिळून एक इमारत घ्यायची, तर तिचा मालक कोण?

९/
नमुना इंग्लंडमध्ये तयार होता. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग येथे १९०१ मध्ये ‘ईलिंग टेनंट्स लिमिटेड’ ही संस्था निघाली. सुतारकामातून पुढे आलेले हेन्री व्हिव्हियन हे त्या चळवळीचे प्रमुख होते. कल्पना साधी होती. राहणाऱ्यांनी भाग घेऊन संस्था काढायची. जमीन आणि इमारती संस्थेच्या. राहणारा प्रत्येक जण संस्थेचा भाडेकरू, आणि प्रत्येक भाडेकरू संस्थेचा भागीदार.

१०/
म्हणजेच ‘टेनंट को-पार्टनरशिप’. आपल्या प्रमाणपत्रावरचे ‘भाडेकरू सहभागीदारी’ हे त्याचेच मराठी रूप. एकेकटा पाहिला तर प्रत्येक सभासद भाडेकरू. सगळे मिळून पाहिले तर तेच घरमालक. ज्याला भाडे द्यायचे आणि ज्याची भीती वाटायची, तो ‘मालक’ या रचनेत उरतच नाही. त्याची जागा सभासदांची सभा घेते.

११/
१९१५ मध्ये तल्माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ नोंदवली आणि गावदेवी येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. सभासदांनी भाग घेतले, उरलेली रक्कम कर्जाऊ उभी केली आणि इमारती बांधल्या. राहणाऱ्यांच्या मासिक भाड्यातून कर्जाची परतफेड, कर आणि डागडुजी असा हिशेब होता. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाची ही सुरुवात मानली जाते.

१२/
पहिलेपणाचा वाद येथे नको. बंगळुरात १९०९ मध्येच एक सहकारी गृहबांधणी संस्था निघाली होती. गावदेवीचे महत्त्व वेगळे आहे. स्वतंत्र बंगले न बांधता एका इमारतीत अनेक कुटुंबांनी सामाईक मालकीने राहायचे, ही गोष्ट येथे घडून आली. दाटीच्या शहरात जमिनीचा तुकडा प्रत्येकाला मिळणे अशक्य असते. एका तुकड्याची मालकी अनेकांनी वाटून घेणे मात्र शक्य असते. पुढे साऱ्या मुंबईने हीच वाट धरली.

१३/
या इमारतींबरोबर राहणीही बदलत गेली. चाळीत संडास आणि नळ घराबाहेर, सामाईक. नव्या घरांत स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास एकाच दाराआड आले. मुंबईच्या मराठीत अशा घराला ‘ब्लॉक’ म्हणू लागले. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांना संडास घरात असणे पचवायला वेळ लागला. पण दादर-माटुंगा भागात १९२० ते १९४० च्या दशकांत असे ब्लॉक वाढत गेले, आणि ‘ब्लॉकमध्ये राहायला गेलो’ हे मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे वाक्य झाले.

१४/
नमुना वेगाने पसरला. १९१८ मध्ये वांद्र्याला ‘साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ निघाली. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. त्या कायद्याखाली १९२६ मध्ये अहमदाबादेत पारशी समाजाची सोसायटी नोंदवली गेली. नावे पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते : सारस्वत, कॅथलिक, पारशी. प्रत्येक सोसायटीच्या दारावर एका समाजाची पाटी आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. त्याकडे पुढे परत यायचे आहे.

१५/
आता १९४० च्या दशकाकडे येऊ. युद्धकाळात भाड्यांवर नियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण ठरवले. भाडेकरूंना मोठे संरक्षण मिळाले. पण भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे मालकांना परवडेनासे झाले. जुन्या चाळींची डागडुजी रखडली, पागडीचा व्यवहार फोफावला, आणि नव्याने शहरात येणाऱ्याला भाड्याची खोली मिळणे दुरापास्त झाले.

१६/
त्याच वर्षी फाळणी झाली. सिंधमधून आलेली लाखो माणसे मुंबई आणि परिसरात उतरली. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांना थोडे भांडवल जमवता आले, त्यांच्यापैकी अनेकांनी सहकारी सोसायट्यांचा मार्ग धरला. लॅमिंग्टन रोड आणि चेंबूर येथील ‘नवजीवन’ सोसायट्या ही त्याची ठळक उदाहरणे. नावातच त्या पिढीची गोष्ट आहे. गाव, घर, शेजार सारे मागे राहिलेल्या लोकांनी नवा शेजार कागदावर नोंदवून उभा केला.

१७/
भाड्याची घरे आटली तशी ‘ओनरशिप फ्लॅट’ची लाट आली. आधी रहिवासी एकत्र येऊन सोसायटी काढत आणि मग इमारत बांधत. आता बिल्डर आधी इमारत बांधू लागला आणि सोसायटी नंतर. हा क्रम उलटला आणि गैरप्रकारांना वाव मिळाला. पैसे घेऊन वर्षानुवर्षे ताबा न देणे, नकाशात परस्पर बदल, एकच घर दोघांना विकणे, जमिनीचे हक्क स्वतःकडेच ठेवणे असे प्रकार सुरू झाले. घर घेणारे एकेकटे होते. समोर बिल्डर होता.

१८/
या ठिकाणी एक तारीख फार बोलकी आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला अस्तित्वात आले. २० मे १९६० रोजी, म्हणजे विसाव्या दिवशी, राज्य सरकारने फ्लॅटच्या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला. त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा निघाला. आपण त्याला ‘मोफा’ म्हणतो. नव्या राज्यापुढच्या अगदी पहिल्या कामांत मध्यमवर्गीयाच्या घराचा प्रश्न होता, हे आपण विसरतो.

१९/
मोफाने काय केले? करार नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घर घेणाऱ्यांची संस्था नोंदवण्यासाठी पाऊल उचलणे आणि जमीन-इमारतीचे हस्तांतरण, म्हणजे ‘कन्व्हेयन्स’, तिच्या नावे करून देणे ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी ठरवली. घर घेणाऱ्याचे रक्षण त्याला एकेकटे ठेवून होणार नाही, त्याची संस्था झाली पाहिजे, हा या कायद्यामागचा विचार आहे.

२०/
त्याच सुमारास १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. १९६१ च्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे पोटप्रकार ठरले आणि ‘भाडेकरू सहभागीदारी’ हा शब्द अधिकृत झाला. ईलिंगहून गावदेवीला आणि गावदेवीहून मंत्रालयाच्या कागदांत असा त्याचा प्रवास. थ्रेडच्या आरंभीच्या कोड्याचे उत्तर हेच. कागदावर ‘भाडेकरू’ आहात, कारण इमारत आणि जमीन संस्थेची आहे. आणि त्या संस्थेचे तुम्ही भागीदार आहात.

२१/
१९६० च्या कायद्यातील दोन कलमे मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतात. कलम २७ : सभासदाला एकाहून अधिक मते नाहीत. कलम ७२ : संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. आता हे प्रत्यक्षात मांडून पाहा. तळमजल्यावरच्या एका खोली-स्वयंपाकघरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे मत एक. वरच्या मजल्यावरच्या तीन बेडरूमच्या घरमालकाचे मतही एकच. त्याने किती पैसे मोजले हे सभेत विचारले जात नाही.

२२/
कंपनीत भागांनुसार मत असते. अमेरिकेतील घरमालक संघटनांत मत सहसा घराच्या किंवा भूखंडाच्या हिशेबाने मोजले जाते. संघटना बऱ्याचदा विकसकच आधी स्थापन करतो आणि आरंभीची वर्षे सूत्रेही त्याच्याच हाती असतात. आपल्याकडची सोसायटी सहकाराच्या घराण्यातली आहे. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कारागिरांनी दुकान काढताना स्वीकारलेले ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व आपल्या जिन्यापर्यंत पोहोचले आहे.

२३/
राज्यात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. याचा अर्थ एक लाखाहून अधिक ठिकाणी दरवर्षी हिशेब मांडला जातो, प्रश्न विचारता येतात, ठराविक मुदतीने निवडणूक होते. व्यवस्थापक समितीत महिलांसाठी तसेच अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात. ग्रामपंचायत शहरात नसते. शहरी माणसाला स्वशासनाचा धडा मिळतो तो येथेच. तो धडा गिरवताना भांडणे होतात, कारण निर्णय खरोखरच आपल्या हातात असतो.

२४/
या रचनेने काय काय शक्य केले, याचे एक सुंदर उदाहरण वांद्रे पूर्वेला आहे : साहित्य सहवास. अनंत काणेकर आदींच्या पुढाकाराने लेखकांनी सहकारी तत्त्वावर वसाहत उभारली. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, धर्मवीर भारती असे लेखक तेथे राहिले. कवी रमेश तेंडुलकरही तेथेच राहत. त्यांचा मुलगा सचिन त्याच आवारात खेळत वाढला. प्राध्यापकी आणि लेखणीवर जगणाऱ्यांना वांद्र्यात घर परवडले, ते ते एकत्र आले म्हणून.

२५/
लेखक एकटे नव्हते. पत्रकार, बँक कर्मचारी, शिक्षक, सरकारी नोकर अशा अनेकांच्या सोसायट्या उपनगरांत उभ्या राहिल्या. मुख्य प्रवर्तक म्हणून सही करणारा माणूस बहुधा कोणीतरी साधा हेडक्लार्क असे. कचेरी सुटल्यावर तो वास्तुविशारदाकडे, निबंधकाच्या कार्यालयात, सिमेंटच्या परमिटसाठी खेपा घालत असे. त्याबद्दल त्याला मानधन नव्हते. आज आपण त्याच माणसाच्या वारसाला, म्हणजे सेक्रेटरीला, ‘रिकामटेकडा’ म्हणतो.

२६/
आता चौदाव्या भागातील पाटीकडे परत येऊ. सारस्वत, कॅथलिक, पारशी. सहकाराला परस्परविश्वास लागतो आणि त्या काळी विश्वासाची हाक आधी आपल्या ज्ञातीत, धर्मात घातली जाई. परक्या शहरात आलेल्या छोट्या समाजाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण ज्या जातींकडे शिक्षण, पगार आणि पतसंस्था नव्हती, त्यांना हा मार्ग तितकासा खुला नव्हता, हेही तितकेच खरे. आत समान मत आणि बाहेर बंद दार, या दोन्ही गोष्टी या संस्थेच्या जन्मापासून तिच्यात आहेत.

२७/
हा जुना इतिहास नाही. अहमदाबादच्या त्या १९२६ च्या पारशी सोसायटीत सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा उपविधी होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद निवडणेही येते, अशी ती भूमिका. शिवाय कागदावर काही न लिहिताही आडनाव, धर्म, आहार किंवा एकटी राहणारी स्त्री या कारणांवरून घर नाकारले जाते, हे या शहरात घर शोधलेल्या कोणालाही सांगायला नको.

२८/
यावर उत्तर काय? माझ्या मते ते याच संस्थेच्या तत्त्वांत सापडते. १९६० च्या कायद्यात खुल्या सभासदत्वाचे कलम आहे : योग्य कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. सभेत उठून ‘हा नियम आपल्या उपविधीत कुठे आहे?’ असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. चाळमालकाला हा प्रश्न विचारता येत नव्हता. बिल्डरलाही तो विचारता येत नाही. सोसायटीला विचारता येतो.

२९/
आणि आज हा प्रश्न विचारणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे आहे. पहिले कारण कन्व्हेयन्स. मोफाच्या नियमांनुसार ते संस्था नोंदल्यापासून साधारण चार महिन्यांत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात कितीतरी सोसायट्यांची जमीन दशकांनंतरही मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. २००८ च्या दुरुस्तीने ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, म्हणजे बिल्डर आला नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडून हस्तांतरण मिळवण्याची, वाट खुली झाली. पण अर्ज संस्थेने करायचा असतो. त्यासाठी सभा, ठराव आणि कागद लागतात.

३०/
दुसरे कारण पुनर्विकास. साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारती आता थकल्या आहेत. २०१९ च्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनर्विकासाच्या सभेला दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सभेचे चित्रीकरण करावे लागते. त्याच वर्षी सरकारने स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे सोसायटीने स्वतःच इमारत नव्याने बांधण्याला, उत्तेजन देणारा निर्णयही काढला. १९१५ मध्ये गावदेवीत जे घडले, तेच पुन्हा करण्याची ही संधी आहे.

३१/
पण हे सारे कोरमवर अवलंबून आहे. वार्षिक सभेला पंधरा माणसे आली तर पंधरा माणसे निर्णय घेतात. मग समिती मनमानी करते म्हणून आपण चिडतो. गावदेवीच्या कारकुनांनी घरमालकाची सत्ता काढून सभेला दिली. सभा रिकामी राहिली तर ती सत्ता पुन्हा कोणा एकाच्या हातात जाते. मग तो चाळमालक असो, बिल्डर असो की वीस वर्षे खुर्ची न सोडणारा अध्यक्ष.

३२/
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून शेवटी एक विनंती. प्रत्येक सोसायटीच्या कपाटात इतिवृत्ताच्या जुन्या वह्या असतात. पाणी किती वेळ यायचे, पहिला टेलिफोन कोणाकडे आला, गणपतीची वर्गणी किती होती, दंगलीच्या काळात रात्रीचा पहारा कोणी दिला, कोणाला सभासदत्व देताना खळखळ झाली, हे सारे त्यांत असू शकते. शहरातल्या सामान्य माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला इतका मोठा दस्तऐवज दुसरा नाही.

३३/
आणि पुनर्विकासाच्या वेळी सर्वांत आधी रद्दीत जातात त्या याच वह्या. इमारत पाडण्यापूर्वी त्या बाजूला काढा. मोबाइलवर पानांची छायाचित्रे घ्या. पहिल्या सभेचे इतिवृत्त, पहिल्या सभासदांची यादी आणि मुख्य प्रवर्तकाची सही एवढे जरी जपले, तरी पन्नास वर्षांनी कोणाला तरी आपल्या शहराचा इतिहास लिहिता येईल.

३४/
आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. यंदा सूचनाफलकावर ती नोटीस लागली की जा. हिशेब वाचा, कन्व्हेयन्सचे काय झाले ते विचारा, आणि नव्या सभासदाच्या आडनावावरून कोणी कुजबुज केली तर तेथेच हरकत नोंदवा. ती इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका.

३५/
आपल्या सोसायटीची नोंदणी कोणत्या वर्षीची आहे आणि प्रमाणपत्रावर कोणते उपवर्गीकरण आहे, ते पाहून प्रतिसादात जरूर कळवा. १९६० पूर्वीची सोसायटी असेल तर पहिल्या सभेचे वर्षही सांगा. पुढच्या थ्रेडमध्ये दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची आखणी यांविषयी लिहीन.

(थ्रेड समाप्त)